घरातील साठवण : फडताळ, माळा आणि धान्याची कोठी

(नभोवाणीवरील भाषणाचा मजकूर)



रब्बीची मळणी उरकली, ज्वारी, गहू, हरभरा घरात आला. रोहिण्या निघायला अजून महिना-दीड महिना अवकाश आहे. याच दिवसांत गावोगाव गवंडी आणि सुतार यांना उसंत नसते. कुणी कौले चाळून घेतो, कुणी भिंतीला गिलावा करतो, कुणी पोरीच्या लग्नाआधी कपाट करून घेतो. म्हणून आज पिकाविषयी न बोलता घराविषयी बोलणार आहे. घरातल्या वस्तू कुठे ठेवाव्यात, आणि त्यासाठी फडताळ, माळा, कोठी करायची ती कोणत्या मापाने, एवढाच विषय.

तुम्ही म्हणाल, यात सांगण्यासारखे काय आहे? सुताराला बोलवावे, जागा दाखवावी, पैसे मोजावेत, झाले. मलाही तसेच वाटत होते. आमचे घर पाटण तालुक्यात. नवी खोली बांधली तेव्हा मोठ्या हौसेने पश्चिमेच्या भिंतीत फडताळ करून घेतले. सागवानी दारे, पितळी कड्या. सुताराने मापे घेतली तशी घेऊ दिली. भिंत कोणत्या बाजूची आहे याचा विचार मी केला नाही, आणि त्याला तो करायचे कारण नव्हते. आमच्याकडे पाऊस पश्चिमेकडून झोडपतो. श्रावणात दार उघडले तर मंडळींचा लग्नातला शालू घडीघडीवर काळ्या ठिपक्यांनी भरलेला. खालच्या खणात हरभऱ्याचे बियाणे होते, ते वरून चांगले दिसले म्हणून तसेच पेरले, आणि निम्मी ओळ उगवलीच नाही. शालूचे बोलणे मला अजून खावे लागते. हरभऱ्याचे कुणी बोलत नाही, पण त्या वर्षीचे नुकसान शालूपेक्षा मोठे होते.

तेव्हा सुताराला बोलावण्याच्या आधी दोन दिवस स्वतः खर्च करा.

पहिल्या दिवशी सकाळी घरातले सगळे सामान अंगणात काढा. सगळे म्हणजे सगळे. उतरंडीच्या तळाच्या मडक्यापासून माळ्यावरच्या मोडक्या पाळण्यापर्यंत. मग त्याचे ढीग लावा. रोज लागणारे एका बाजूला. सणावाराला, लग्नकार्याला लागणारे दुसऱ्या बाजूला. हंगामाचे, म्हणजे बियाणे, पोती, ताडपत्री, दोर, हे वेगळे. आणि फवारणीची औषधे, उंदराचे औषध, खत, डिझेल, रॉकेल यांचा ढीग सर्वांपासून लांब, अंगणाच्या पार कडेला. हा शेवटचा ढीग पाहून पुष्कळांना धक्का बसतो. अर्धी बाटली देवळीत, एक पुडी चुलीमागे, एक डबा पिठाच्या डब्याशेजारी, असे निघते. त्याविषयी पुढे बोलतो.

जे वर्षभरात एकदाही हाताला लागले नाही ते परत आत न्यायचे की नाही, हे त्याच दिवशी ठरवा. नवे कपाट हवे असे वाटणाऱ्या कितीतरी घरांना मुळात कपाटाची गरज नसते, मोडके सामान काढून टाकायची असते.

दुसरा दिवस भिंतींचा. कोणती भिंत पावसाच्या माऱ्याची आहे, कुठल्या भिंतीला खालून लोणा धरतो, कोणत्या कोपऱ्यात वाळवीच्या मातीच्या नळ्या दिसतात, हे घरच्या माणसाइतके कुणाला माहीत नसते. अशा भिंतींवर कोळशाने फुली मारा. तिथे धान्य, बियाणे, कपडे नकोत. ती भिंत कुदळ-फावड्यांना, जोखड-शिवळांना खुंट्या ठोकायला द्या. दोन खोल्यांच्या मधली भिंत साठवणीला सर्वांत चांगली, कारण तिच्या दोन्ही बाजू कोरड्या असतात.

भिंत ठरली तरी ती फोडून फडताळ करावे का, याचा विचार निराळा करावा लागतो. आपल्याकडे जुन्या घरांच्या भिंती दीड-दोन फूट जाडीच्या, मातीत रचलेल्या दगडांच्या असतात. जाडी पाहून वाटते, यात कितीही खोल खण काढता येईल. पण या भिंतीला बहुधा आतून एक आणि बाहेरून एक अशी दोन तोंडे असतात आणि मध्ये माती-कपच्या भरलेल्या असतात. आतले तोंड फोडले की उरलेले बाहेरचे तोंड एकटे उभे राहते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर-उस्मानाबाद भागात सुमारे आठ हजार माणसे गेली. तिथली कितीतरी घरे अशाच मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींची आणि वर मातीच्या जड माळवदाची होती. म्हणून उभ्या जुन्या भिंतीत नवा कोनाडा खोदू नका. तुळईच्या टेकूखाली तर मुळीच नको, आणि कोपऱ्यालगतही नको. बांधतानाच ठेवलेले जुने फडताळ असेल तर ते वापरा. नवे हवे असेल तर भिंतीला न फोडता तिच्यापुढे उभे करा.

हे पुढे उभे करायचे काम फार अवघड नाही. अर्ध्या विटेच्या आडव्या भिंती, म्हणजे मुख्य भिंतीला काटकोनात, अडीच अडीच फुटांवर उभ्या करायच्या आणि त्यांच्यामध्ये शहाबादी किंवा कडाप्पा फरशीचे खण टाकायचे. फरशीची टोके विटेत दोन्हीकडून तीन-तीन इंच बसली पाहिजेत. फरशी लाकडासारखी फुगत नाही, तिला वाळवी लागत नाही, पुसली की स्वच्छ. मात्र ती लवत नाही, एकदम मोडते. इंचभर जाडीच्या फरशीला अडीच फुटांच्या पुढे मोकळे सोडू नका, वर जड डबे ठेवायचे असतील तर मुळीच नाही.

आता खणांची मापे. इथेच सगळे चुकतात. दोन खणांतले अंतर सुतार सरसकट सारखे ठेवतो, कारण ते दिसायला बरे दिसते. पण आपल्या घरात ठेवायच्या वस्तू सारख्या आहेत का? तुमच्याकडे पंधरा किलोचे तेलाचे चौकोनी पत्र्याचे डबे असतीलच. तो डबा तळाशी साधारण सव्वानऊ इंच चौरस आणि उंचीला चौदा इंच असतो. त्यात ज्वारी भरली तर तेरा-चौदा किलो बसते. तेव्हा डब्यांचा खण सोळा इंच उंच ठेवा, म्हणजे हात घालून डबा ओढता येतो. खोली बारा इंच पुरे. अडीच फुटांत तीन डबे आरामात बसतात. याच खणाला बारा इंचांऐवजी दोन फूट खोली दिली तर पुढे एक डबा, मागे एक डबा अशी मांडणी होते, आणि मागच्या डब्यात काय आहे हे दिवाळीपर्यंत कुणाला आठवत नाही. तोवर त्यात पोरकिडे झालेले असतात. खोल खण फक्त गोधड्या, वाकळा आणि गाद्यांसाठी. घडी केलेल्या कपड्यांना सोळा ते अठरा इंच खोली बास. मसाल्याच्या बरण्यांना सहा इंचही पुष्कळ.

उंचीचे माप मात्र फूटपट्टीने घेऊ नका. घरातल्या ज्या बाईने ते कपाट रोज वापरायचे आहे तिला भिंतीला पाठ लावून उभी करा. गुडघा, कंबर, डोळे आणि वर केलेल्या हाताचा तळवा, अशा चार खुणा भिंतीवर करा. गुडघा ते कंबर या पट्ट्यात जड वस्तू: पिठाचा डबा, तांदळाचा डबा, पितळी हंडा. कंबर ते डोळे या पट्ट्यात रोजच्या. डोळ्यांपासून तळव्यापर्यंत हलक्या आणि अधूनमधून लागणाऱ्या. तळव्याच्या वर काही ठेवायचे असेल तर ते वर्षातून दोनदाच लागणारे असावे. आमच्याकडे बहुतेक ठिकाणी हे माप घरधनी घेतो, स्वतःच्या हाताने. मग घरधनीण पाटावर पाट ठेवून वीस वर्षे कपाट वापरते. पाटावरून पडून मनगट मोडलेल्या बायका मी पाहिल्या आहेत, म्हणून जोर देऊन सांगतो. घरात म्हाताऱ्या सासूबाई असतील तर एक खण त्यांच्या मापाने, बसल्या जागी हात पोचेल असा ठेवा.

लाकडाविषयी थोडक्यात सांगतो. ओले लाकूड वापरू नका, ते वाळताना पीळ खाते आणि दार लागत नाही. सागाचे असले तरी सालीलगतचा पांढरा भाग वाळवी खाते. आतला तपकिरी गाभाच टिकतो. आंब्याची फळी स्वस्त पडते, पण ती जमिनीपासून आणि भिंतीपासून दूर ठेवली तरच. गावात एखादे जुने घर पाडत असतील तर तिथली दारे, तुळया जरूर पाहा. पन्नास वर्षे वाळलेले लाकूड बाजारात विकत मिळत नाही. सुट्या लाकडी कपाटाच्या पायांखाली दगडी चिपा घाला आणि पाठीमागे तीन बोटे जागा सोडा, म्हणजे वाळवीची नळी चढताना दिसते. दुधा-दह्यासाठी जाळीचे कपाट असेल तर त्याच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवायची आपली जुनी रीत मुंग्यांसाठी उत्तम. त्यातले पाणी तेवढे दोन दिवसांनी बदला, नाहीतर डास होतात.

माळ्यावर हलके सामान ठेवावे. पितळी घंगाळे, पाटा-वरवंटा, धान्याची पोती माळ्यावर चढवू नयेत. लग्नाची भांडी गावातल्या चारचौघांत मिळून ठेवायची पद्धत होती ती चांगली होती. आता प्रत्येकाच्या माळ्यावर पन्नास ताटे पडून असतात. चुलीच्या वरच्या माळ्यावर कडबा, तुराट्या, कागद ठेवू नका. धुराने बियाण्याची कणसे टिकतात हे खरे, पण ठिणगीही तिथेच जाते.

आता धान्य. सहा माणसांच्या घराला, माणशी महिन्याला बारा किलो धरले तर, वर्षाला नऊ क्विंटलच्या आसपास ज्वारी, गहू, तांदूळ लागतो. ज्वारी किंवा गहू क्विंटलला साधारण पाच घनफूट जागा घेतो. भात हलके, त्याला सहा घनफुटांहून जरा जास्त धरा. म्हणजे नऊ क्विंटलला पंचेचाळीस घनफूट. एकच मोठी कोठी करण्यापेक्षा पाच-पाच क्विंटलच्या दोन करा. अडीच फूट व्यासाची आणि पाच फूट उंचीची गोल पत्र्याची कोठी तेवढे धान्य घेते. दोन असल्या की एक खाताना दुसरी बंद राहते, आणि जुन्या धान्यात नवे ओतायची वेळ येत नाही. जुन्यातला एक सोंडा साऱ्या नव्या मालाला पुरतो. कोठीला वरून भरायचे तोंड आणि तळाशी काढायचे तोंड असावे, दोन्हींची झाकणे घट्ट. आणि बनवायला टाकण्यापूर्वी घराच्या दाराची रुंदी मोजा! आमच्या गावात एका गृहस्थांची नवी कोरी कोठी चार दिवस अंगणात उभी होती. शेवटी चौकट काढून आत घ्यावी लागली.

कोठी कितीही चांगली असली तरी ओले धान्य तिच्यात सडते, उलट हवाबंद कोठीत लवकर सडते. ज्वारी-गव्हाचा ओलावा बारा टक्क्यांच्या आत हवा. घरी मोजायचे साधन नसते, तेव्हा दाणा दाताखाली धरा. कट्कन मोडला तर वाळला, दबला तर आणखी ऊन द्या. उन्हातले गरम धान्य तसेच भरू नका. रात्रभर सावलीत पसरून थंड होऊ द्या, मग भरा. नाहीतर आत घाम धरतो. हाच घाम बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कोठीलाही धरतो, म्हणून कोठी भिंतीपासून दीड फूट दूर आणि विटांच्या किंवा लाकडी ओट्यावर उभी करा. पोत्यांनाही हाच नियम: खाली फळ्या, भिंतीपासून दीड-दोन फूट मोकळी वाट. त्या वाटेने माणूस फिरला पाहिजे, तरच उंदराचे बीळ दिसते. जुनी पोती उकळत्या पाण्यातून काढून, उलटी करून कडक वाळवल्याशिवाय वापरू नका.

बांबूची कणगी वाईट नाही. ती आतून-बाहेरून शेण-मातीने नीट सारवलेली आणि दगडी ओट्यावर असेल तर वर्षभर चांगली राखते. उंदरापुढे मात्र तिचे काही चालत नाही. पेवाविषयी एकच सांगतो. सांगलीजवळ हरिपूरला हळदीची पेवे प्रसिद्ध आहेत, तिथली जमीन तशी आहे. आपल्या जमिनीत पाणी झिरपत असेल तर पेवाच्या नादी लागू नका. आणि बंद पेव उघडल्यावर लगेच आत उतरू नका. आत दूषित हवा साठते, माणूस तिथल्या तिथे कोसळतो आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही.

डाळी आणि बियाणे यांना वेगळा खण द्या. तुरीला किलोमागे पाच ते दहा मिलिलिटर खायचे तेल किंवा एरंडेल चोळून ठेवले तर भुंगा लागत नाही. भुईमूग शेंगांतच ठेवावा. बुरशीचे काळे-हिरवे दाणे वेचून फेकावेत, ते भाजून, तळूनही विषारीच राहतात. गुराढोरांना, कोंबड्यांनाही घालू नयेत. सोयाबीनचे बियाणे घरचे राखणार असाल तर थप्पी उंच रचू नका आणि पोती आपटू नका. त्याचे साल नाजूक असते, मार बसला की उगवण जाते. पेरणीपूर्वी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून पाहा. सत्तरच्या खाली उगवले तर बियाणे बदला किंवा प्रमाण वाढवा. माझ्या हरभऱ्याचे मी हे केले असते तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती.

आणि आता तो अंगणाच्या कडेचा ढीग.

जुलै २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात एका प्राथमिक शाळेत दुपारचे जेवण खाऊन २३ मुले मेली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक निघाले. हे तेल औषधाच्या रिकाम्या डब्यात ठेवले होते, असे तपासात पुढे आले. कुणाचा जीव घ्यावा असे कुणाच्या मनात नव्हते. डबा चांगला होता, धुतला, वापरला. आपल्या किती घरांत औषधाच्या डब्यातून पाणी नेतात, मीठ ठेवतात, ते आठवून पाहा.

औषधांचे कपाट घरात नकोच. गोठ्यातही नको, कारण तिथे पेंड, चारा असतो. पडवीच्या किंवा शेतातल्या खोपीच्या कोरड्या भिंतीला लहान, कुलपाचे, मुलांच्या हाताच्या वर, पण तुमच्या डोळ्यांच्या खाली असे करा. डोळ्यांच्या खाली यासाठी, की बाटली काढताना सांडली तर तोंडावर येऊ नये. किल्ली एकाच माणसाकडे. औषध त्याच्या मूळ बाटलीत, चिठ्ठीसह ठेवा. कधीही दारूच्या, शरबताच्या बाटलीत ओतू नका. चिठ्ठीवर लाल त्रिकोण म्हणजे अति जहाल. रिकामा डबा भोके पाडून निकामी करा. खताची गोणी औषधापासून वेगळी, आणि जनावरांच्या तोंडापासून लांब. युरिया मिठासारखा चाटून गाय, म्हैस मरते, हे पशुपालकांना सांगायला नको.

धान्यात घालायच्या गोळ्यांचेही सांगून ठेवतो. आपल्या वडिलांच्या पिढीत कोठ्यांच्या कडेने बीएचसीची भुकटी टाकत, धान्यात ईडीबीच्या कुप्या फोडत. बीएचसी १९९७ साली आणि ईडीबी २००१ साली देशात बंद झाले. कुठे जुना साठा सापडला तर वापरू नका. ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या आजही ओळखीने मिळतात, पण त्या घरगुती वापरासाठी नाहीत. परवानगी असलेल्या, शिकलेल्या माणसांनी गोदामात वापरायच्या आहेत. त्यातून निघणारा वायू कोठीत थांबत नाही, तो झोपायच्या खोलीत येतो. ज्या खोलीत माणसे निजतात तिथल्या कोठीत ती गोळी टाकणे म्हणजे पोराबाळांच्या उशाशी विष ठेवणे होय. धान्य कडक वाळवलेले आणि कोठी घट्ट असेल तर गोळीची गरज पडत नाही.

शेवटचा खण कागदपत्रांचा. खरेदीखत, पासबुके, रेशनकार्ड, मुलांचे दाखले. सातबारा आता ऑनलाइन मिळतो, पण जुनी खरेदीखते आणि वाटणीपत्रे पुन्हा मिळवताना जोडे झिजतात. पत्र्याची पेटी घ्या, कागद प्लास्टिकच्या पिशवीत घाला, पेटी कोरड्या भिंतीच्या बाजूला कमरेच्या उंचीवर ठेवा, म्हणजे रात्री पाणी शिरले तर पहिल्यांदा उचलता येईल. पेटी कुठे आहे हे घरातल्या दोघांना तरी माहीत हवे.

कपाट नवे असो की जुने, मृगाच्या आधी एकदा, श्रावणात एकदा आणि दसऱ्याला एकदा सगळे खण रिकामे करून पुसा. आपल्या घराविषयी काही विचारायचे असेल तर कार्यक्रमाच्या पत्त्यावर पोस्टकार्ड टाका. भिंत विटेची की दगडाची, कोणत्या दिशेची, जाडी किती, आणि कोणत्या वस्तू ठेवायच्या, एवढे मात्र लिहा. नुसते "कपाट करायचे आहे" असे लिहिले तर उत्तर देता येत नाही.